निरोगी गटातली बाई

"थुंका," असं डॉक्टरीणबाईंनी म्हटल्यावर आत्याबाईंनी नळीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"कुणाच्या नावानं?"

"नावानं नाही हो मावशी. नळीत थुंका. या रेघेपर्यंत."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या सांगलीकडं सासूला आत्याबाई म्हणतात. मिरजेच्या त्या हॉस्पिटलातल्या खुर्चीवर त्या पदर सारखा करून, पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. करा काय करायचं ते, असा चेहरा. समोर डॉ. शबनम नदाफ एकेक प्रश्न विचारत होत्या आणि शेजारच्या स्टुलावर मी बसून ऐकत होते.

"पाळी वेळेवर येते?"

"पंचांगापरमानं."

"त्या दिवसांत ओटीपोटात, कंबरेत दुखतं?"

"दुखायला येळ कुठं हाय? इट्यात चटणी कुटायचा डंक हाय आमचा. उन्हाळ्यात पाणी प्यायला सवड न्हाई."

"म्हणजे दुखत नाही."

"न्हाई."

"कधी दुखण्यामुळं काम बंद ठेवावं लागलंय?"

या प्रश्नाची त्या वाटच बघत होत्या. विचारलं डॉक्टरांनी, पण उत्तर त्यांनी माझ्याकडं वळून दिलं. "मी? एक दिस न्हाई. इचारा हिला."

मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू? तीन वर्षांत डंकाची मोटर दोनदा बंद पडलेली मी बघितली होती, आत्याबाई कधी नाही.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "अगदी अशीच बाई हवी होती आम्हाला."

जिना उतरताना आत्याबाई म्हणाल्या, "ऐकलंस न्हवं? मला निवडलं. तू आपली आपण होऊन आली हुतीस."

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगते.

माझं माहेर बार्शीचं. लग्न होऊन विट्याला आले आणि आल्या आल्या डंकावर उभी राहिले. डंक म्हणजे मोटरवर चालणारी लोखंडी मुसळं. बायका घरून मिरच्या, धणे, खोबरं भाजून आणतात आणि आम्ही वर्षाची चटणी कुटून देतो. मामा, म्हणजे सासरे, मी यायच्या आधीच गेले होते. डंक, घर आणि मुलगा तिन्ही आत्याबाईंच्या हुकमात. मुलाचं नाव धैर्यशील. बारशाला जरा घाईच झाली असावी, कारण आमच्या ह्यांचं सगळं धैर्य "आई म्हणती ते बी बरोबर हाय, तू म्हणतीस ते बी बरोबर हाय" एवढ्यावर संपायचं.

माझं दुखणं लग्नाआधीपासूनचं. महिन्याला पाळी आली की आतून कुणीतरी ओलं धुणं पिळतंय असं व्हायचं. उलट्या व्हायच्या, मांड्या भरून यायच्या, डोळ्यांपुढं अंधारी यायची. विट्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, मूल झालं की थांबेल. मूल होत नव्हतं म्हणून त्यांच्याकडेच परत गेले, तर म्हणाले, दुखण्याचा ताण घेऊ नका, मूल होईल. असं मला त्यांनी गोल गोल फिरवलं. फी मात्र सरळ घेतली.

आणि आडवं पडायची सोय नव्हती, कारण आमचं घर सुधारलेलं. हो, खरंच. विट्यात तेव्हा अडचणीतली, म्हणजे पाळी आलेली, बाई चटणीला शिवत नसे, मसाला नासतो म्हणायच्या. आत्याबाईंनी ते कधीचं मोडीत काढलं होतं. "माझी चटणी नासली का कधी?" असं भर गल्लीत विचारायच्या. त्यापायी एका महिला दिनाला महिला मंडळानं त्यांना शाल-नारळ दिला होता. माझं माहेर याच्या उलट, अगदी मागासलेलं. तिथं चार दिवस कोपऱ्यात चटई टाकून बसवायचे, ताटसुद्धा सरकवून द्यायचे. लाज वाटायची मला त्याची. पण विट्याला आल्यावर ती चटई मला स्वप्नात दिसायला लागली.

मी पोट धरून पोत्यावर बसले की आत्याबाई यायच्या. "काय झालं?"

"दुखतंय, आत्याबाई."

"मग? मिरच्यांची देठं खुडायला पोट लागत न्हाई, बोटं लागत्यात." आणि सुपातल्या मिरच्या माझ्यापुढं ओतायच्या. आवाज चढवायच्या नाहीत, शिवी द्यायच्या नाहीत. त्यांचं एवढंच म्हणणं होतं, की हे सगळ्यांनाच होतं आणि मी त्याचं नाटक करते.

शेवटी माझी मावसबहीण मला ओढत मिरजेला डॉ. नदाफांकडं घेऊन गेली. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेणारी पहिलीच डॉक्टर भेटली म्हणून मी निम्मी तिथंच बरी झाले. त्या म्हणाल्या, "हा एंडोमेट्रिओसिस असू शकतो. गर्भाशयाच्या आत अस्तर असतं ना, तसलंच अस्तर बाहेर, भलत्या ठिकाणी रुजतं. महिन्याला तेही रक्ताळतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. सोनोग्राफीत ते दर वेळी दिसतंच असं नाही. खात्री करायची तर दुर्बीण घालून बघावं लागतं."

"दुर्बीण कुठून घालतात?"

"बेंबीशी छोटं छिद्र पाडून."

घरी येऊन मी छिद्र हा शब्द सौम्य करून सांगितला. उपयोग झाला नाही. आत्याबाई म्हणाल्या, "चांगल्या पोटाला भोक पाडायचं? का, तर दुखतंय का ते बघायला?" ह्यांनी नेहमीसारखं दोन्ही बाजू बरोबर असल्याचं सांगितलं आणि चहा मागितला.

मी परत डॉ. नदाफांना फोन केला. तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांच्याकडं एक अभ्यास चाललाय. चिरफाड न करता, नुसत्या थुंकीतून, लघवीतून आणि थोड्या रक्तातून या आजाराच्या खुणा सापडतात का, ते बघायचं. त्यासाठी एक दुखणारी बाई लागते आणि तुलनेला एक निरोगी. निरोगी बाई त्याच घरात राहणारी, तेच जेवणारी हवी, पण रक्ताच्या नात्यातली नको. पाळी चालू असलेली आणि काही त्रास नसलेली.

"आहे का अशी कुणी घरात?"

मी म्हटलं, "एकच आहे."

आत्याबाई ताबडतोब तयार झाल्या. मला वाटलं होतं विनवण्या कराव्या लागतील, पण त्यांना आवडलंच ते. लग्न लवकर झालेलं, धैर्यशील त्यांच्या विसाव्या वर्षाच्या आत झालेला, त्यामुळं पाळी अजून चालू होती आणि हाडं तर माझ्यापेक्षा मजबूत. डंकावर उभ्या राहूनच त्यांनी पैज लावली.

"तुझ्या थुंकीत काय घावलं, तर मी सोता तुझ्या उशाशी दवाखान्यात बसीन. दुर्बीण घाला न्हाईतर आनी काय घाला. आन् न्हाई घावलं, तर हा इषय ह्या घरात पुन्यांदा न्हाई. कबूल?"

"हे बरंय," ह्यांनी लगेच कबूल करून टाकलं. पोट जणू त्यांचंच होतं.

मीही कबूल केलं. दुखतंय दुखतंय सांगून माझं तोंड दुखायला लागलं होतं, आता थुंकीनंच काय ते सांगावं. पण आतून मी घाबरले होते. नाही निघालं तर जन्मभर त्या पोत्यावर बसून देठं खुडायची होती आणि तोंडातून ब्र काढायचा नव्हता. आणि त्याहून मोठी भीती ही, की नाही निघालं तर कदाचित आत्याबाईंचंच खरं असेल. मी नाटकच करत असेन.

नमुने देऊन आलो आणि चटणीचा हंगाम सुरू झाला. मिरजेहून काही कळेना. त्याच दिवसांत माझी पाळी आली आणि नेमक्या त्याच दिवशी आत्याबाई कंबर कसून डंकावर आल्या. कंबर कसून म्हणजे खरंच. जुन्या नऊवारीची पट्टी पोटाला अशी आवळून बांधायच्या की त्यांचा श्वास वरच्या वर चालायचा. महिन्यातून काही दिवस त्यांची ही लढाईची तयारी असायची, आणि त्या दिवसांत त्या भयंकर तापट असायच्या. अशा दिवशी लवंगी मिरचीचं कुटण त्या दुसऱ्या कुणाला करू द्यायच्या नाहीत. लवंगी म्हणजे आग. ठसक्यानं माणूस कोलमडतं. बाकीच्यांना बाहेर हाकलून त्या एकट्या आत उभ्या राहायच्या आणि बाहेर यायच्या ते डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"सरक तिकडं," मला म्हणाल्या. "ह्याला म्हंत्यात काम."

मी पोत्यावर वाकडी होऊन बसले होते. त्यांचा इतका राग आला मला, की क्षणभर दुखायचं थांबलं.

मिरजेहून फोन आला तो हंगाम सरता सरता. "दोघी या," डॉ. नदाफ म्हणाल्या. "सासूबाईंना नक्की आण. टाळू नको."

आत्याबाईंनी नवं इरकल लुगडं काढलं. मी विचारलं, "एवढं कशाला?"

"निरोगी बाईला बोलवलंय म्हंजे काहीतरी आसंल की. मागं मंडळानं शाल दिली हुती."

डॉक्टरांच्या टेबलावर शाल नव्हती. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि आधी माझ्याकडं बघितलं.

"स्वप्नाली, तुझा त्या खुणांचा आकडा मधेच अडकलाय. त्यावरून हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. ही तपासणी अजून अभ्यासातच आहे, तेव्हा..."

"म्हंजे न्हाई," आत्याबाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून उभ्या राहिल्या. "चल गं. यष्टी मिळंल."

इतक्या वर्षांचं दुखणं आणि त्याचा निकाल 'मधेच'. मला उठवेना.

"मावशी, बसा. तुमचं राहिलंय."

"माझं काय ऱ्हायलंय?"

"तुमचा आकडा फार वर आहे. आमच्याकडं दुखणाऱ्या बायकांचा गट आहे ना, त्यातसुद्धा एवढा वर फारसा कुणाचा नाही."

आत्याबाई परत बसल्या, पिशवी मांडीवर ठेवली. "नळ्या बदलल्या," त्या म्हणाल्या.

"आम्हालाही आधी तेच वाटलं. म्हणून दोघींचे उरलेले नमुने परत तपासले. तेच आलं."

"नळीवर नाव न्हवतं. लंबर हुता. लंबर चुकला आसंल. हिचं ते माझ्या नावावर घातलंसा."

"बरं, तसं समजू. मग आपण तुमच्या पोटाची सोनोग्राफी करू. तिथं नळी नाही, नंबर नाही. तुम्ही आणि तुमचं पोट."

"करा," आत्याबाई म्हणाल्या. "आत्ता करा. ही बी बघू दे."

मला त्या आत घेऊन गेल्या ते माझा पराभव दाखवायला. टेबलावर आडव्या झाल्या, इरकल सैल केलं. डॉक्टर पोटावर जेली लावता लावता थांबल्या.

"हे काय आहे?"

मीही बघितलं. बेंबीच्या खाली, या कुशीपासून त्या कुशीपर्यंत, कातडीवर काळपट, निबर झालेला आडवा पट्टा होता. बैलाच्या मानेला जू घासून पडतो तसला. तीन वर्षं एका घरात राहून मी तो कधी बघितला नव्हता.

"त्ये व्हय? बांधत्ये त्याचं."

"काय बांधता?"

"फडकं. त्या दिवसांत."

"कशासाठी?"

"बांधल्याबिगर उभं ऱ्हावत न्हाई. सगळ्याच बांधत्यात."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मग त्या हळूच म्हणाल्या, "मावशी, मी तुम्हाला विचारलं होतं. दुखतं का, म्हणून."

"इचारलं की. पर तुमी इचारलं ते दुखणं. हे काय दुखणं हाय? जेवढं दुखायचं तेवढंच दुखतं."

"किती?"

आत्याबाई छताकडं बघत होत्या. त्यांनी जरा विचार केला. "धैर्याच्या येळला जेवढं दुखलं, तेवढंच. जास्त न्हाई."

बाळंतपणाएवढं. महिन्याला एकदा. डॉक्टरांनी यंत्र फिरवायला सुरुवात केली. पडद्यावर मला काहीच कळत नव्हतं, पण त्यांचा हात एका जागी थांबला, मग दुसऱ्या बाजूला थांबला.

"दोन्हीकडं गाठी आहेत. यांना चॉकलेट सिस्ट म्हणतात."

"चाकलेट?" आत्याबाई टेबलावर कोपर टेकून अर्ध्या उठल्या. "अवो, मी जन्मात चाकलेट खाल्लं न्हाई! मला गोड बाधतं."

"खाल्ल्यानं नाही होत. साचून राहिलेलं जुनं रक्त तसं दिसतं, म्हणून नाव."

"जुनं म्हंजे?"

"वर्षांनुवर्षांचं असू शकतं."

आत्याबाई परत आडव्या झाल्या. मग म्हणाल्या, "धैर्यानंतर दुसरं ऱ्हायलं न्हाई मला. लई नवस केलं. सासू म्हणायची, हिच्या मनातच न्हाई. ते यामुळं?"

"असू शकेल. नक्की नाही सांगता येणार."

"आन् दुखायचं ते?"

"ते यामुळंच."

"म्हंजे ते खरं हुतं?"

"काय, मावशी?"

"माझं दुखायचं. ते खरंच दुखायचं?"

"खरंच दुखत होतं."

डॉक्टरांनी पुसायला कागद दिला होता. त्यांनी तो घेतलाच नाही. नव्या इरकलाच्या पदरानंच पोट पुसलं आणि कुणाकडं न बघता म्हणाल्या, "मग मी ढोंगी न्हवते."

येताना एसटीत खिडकीशी त्या बसल्या, शेजारी मी. मला पैज जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण मी जिंकले की हरले तेच कळत नव्हतं. तासगाव मागं पडल्यावर त्या आपणच बोलायला लागल्या.

"माझी सासू पाळायची सगळं. परसात बसवायची. चार दिस मी तिथं तळमळायची, दातात पदर धरायची. तर ही आल्या-गेल्या बायकांना दारात उभं करून दाखवायची. बघा, कामातनं सुटका मिळाली की कशी लोळती महाराणी. ढोंगी हाय, म्हणायची. एकदा असंच दाखवाय लागली आन् मी उठले. उठले ते तशीच डंकावर जाऊन उभी ऱ्हायले. म्हणलं, मी न्हाई पाळत शिवाशिव. काय नासायचं ते नासू दे."

"म्हणजे ती तुमची सुधारणा..."

"कसली सुधारणा घेऊन बसलीस? बसलं की ढोंगी म्हंत्यात, म्हणून बसायचंच सोडलं. लोकांनी त्याला सुधारणा म्हणलं, मी काय करू? आन् एक हाय. परसात रडलं की दिसतंय. डंकावर कितीबी रडा, कोन इचारत न्हाई. मिरची म्हंत्यात."

लवंगी. महिन्याच्या त्याच दिवसांत, सगळ्यांना बाहेर हाकलून. मी रागानं बघत बसले होते त्या धारांकडं.

मला एकदम रडू फुटलं. माझ्याकडं तर मिरचीही नव्हती, त्यामुळं कंडक्टरनं विचारलं, "काय झालं ताईंना?"

"काय न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "तिकिटं काढ तू." आणि माझ्या मांडीवर हात ठेवला. त्यांचा हात कायमच तिखटाचा असायचा, साडीतूनही मला चुरचुरल्यासारखं झालं. मी तो बाजूला केला नाही.

"ती शाल तेवढी चांगली हाय," जरा वेळानं त्या म्हणाल्या. "मंडळाची. पोटावर घ्यायला ऊबदार."

घरी आलो तर हे दारातच उभे. "काय निकाल?"

"हिचा आकडा मधीच. माझा वर."

ह्यांनी त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. "म्हंजे हिला काय न्हाई! बरं झालं. इषय मिटला."

"मिटला न्हाई. हिची दुर्बीण ठरवून आलोय."

"अगं पण आई, पैज..."

"पैज गेली चुलीत. ती म्हंती दुखतंय म्हंजे दुखतंय."

"पर आकडा तर..."

"आकडा माझ्याकडं हाय. मी सांगत्ये तुला, दुखतंय. आन् उद्यापासनं त्या चार दिसांत डंकावर तू उभा ऱ्हा. लवंगी तू कुटायची."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. दोघींचंही बरोबर असण्याची सवय होती, पण दोघींचं एकच असण्याची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. पुढच्या महिन्यात ते लवंगीच्या कुटणाला उभे राहिले आणि शर्टाच्या बाहीला डोळे पुसत बाहेर आले, तेव्हा आत्याबाईंनी त्यांना विचारलं, "कुठं दुखतंय का रं?"

मला दुर्बीण घातली. आत बारीक बारीक ठिपके सापडले, कुठल्याही सोनोग्राफीत न दिसणारे. ते जाळले, गोळ्या चालू झाल्या, आणि मला बरं वाटायला लागलं. आत्याबाई बोलल्याप्रमाणं माझ्या उशाशी बसल्या. त्यांच्या गाठी नंतर काढल्या, तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसले. मूल झालं का, ते विचारू नका. सगळ्या गल्लीनं विचारून झालंय.

पण एकदा का आपला आजार खरा आहे हे कळलं, तेव्हापासून आत्याबाईंनी आमचं जगणं मुश्कील केलं. आजारातही त्यांना माझ्यापुढं राहायचं होतं. बायकांना सांगायच्या, "हिचं काय, नुसतं ठिपक्या-ठिपक्याचं. माझ्या गाठी हुत्या, दोन्हीकडं." उपचारानंतर खुणा कमी होतात का ते बघायला डॉ. नदाफ अधूनमधून आमची थुंकी नि रक्त घेत. गुण आल्यावर शाळेतली पोरं विचारतात तसं आत्याबाई मला विचारायच्या, "तुझा किती? माझा बघ केवढा उतरला." डॉक्टरांनी आकडे सांगायचं बंद केलं तेव्हा कुठं घरात शांतता झाली.

एकच गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "मावशी, तुम्हाला निरोगी गटातून काढावं लागलं. तुमची जागा रिकामी आहे."

"माझ्यामुळं तुमचा गट बिघडला न्हवं? मग मीच भरून देत्ये," आत्याबाईंनी शब्द दिला. "आमच्या गल्लीत काय निरोगी बायकांचा दुष्काळ हाय?"

आणि त्या बाई शोधायला निघाल्या. मी बरोबर. पहिल्या घरीच मी विचारायला लागले, "काकू, तुम्हाला त्या दिवसांत दुखतं का?" तर आत्याबाईंनी माझं मनगट दाबलं.

"तसं इचारू नको. तसं इचारल्यावर मी काय सांगितलं हुतं?" आणि त्या बाईंकडं वळून म्हणाल्या, "अडचणीत पोटाला काय बांधतीस गं?"

"ओढणी," ती बाई म्हणाली.

दुसरीनं सांगितलं, सासूची जुनी साडी. तिसरीनं जरा लाजून सांगितलं, नवऱ्याचा पट्टा, भोक मी नवीन पाडून घेतलंय. आत्याबाई प्रत्येकीला नाव-पत्ता विचारून घ्यायच्या आणि पुढच्या रविवारी मिरजेला यायला सांगायच्या. डॉ. नदाफांनी शेवटी मला फोन करून सांगितलं, "अगं, सासूबाईंना सांग, पेशंट पुष्कळ झाले. मला एक निरोगी बाई हवी होती."

गल्लीच्या टोकाला मालन राहायची, ब्लाउज शिवणारी. माझ्याएवढीच, तब्येतीनं चांगली, हसतमुख. आम्ही गेलो तेव्हा लग्नसराईचे दिवस होते, ती मशीनवर वाकून फटाफटा टीप घालत होती.

"मालन, अडचणीत पोटाला काय बांधतीस?"

"काही नाही बाई," मालन मान वर न करता म्हणाली. "मला कशाला बांधायला लागतंय?"

आत्याबाईंचा चेहरा असा खुलला की काय सांगू. मला कोपरानं ढोसलं. "घावली!" मग उगीच खात्रीसाठी, जाता जाता, उंबऱ्यातून वळून त्यांनी विचारलं, "खरंच काय करत न्हाईस?"

"काही नाही हो. ही मशीनची कड आहे ना, तिच्यावर पोट दाबून धरते. घट्ट. मग टीप घालता येते, शिवण थांबत नाही." मालन हसली. "सवय झालीय."

मी बघितलं. मशीनच्या पाटाची पुढची कड तेवढी, जिथं ती बसायची तिथं, रंग जाऊन गुळगुळीत झाली होती.

आत्याबाई उंबऱ्यातून परत आत आल्या. त्यांनी हात पुढं करून मशीनचं चाक धरलं आणि थांबवलं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "चप्पल घाल."